चाकाखालची लिंबं

आप्पांनी गाडी चार हात पुढं घेतली, चारी चाकांखालची लिंबं चिरडली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. उतरून बॉनेटला हात लावला, तोच हात कपाळाला लावला आणि चपला दाराशी काढून स्वयंपाकघरात आले. झालं बघ, आता चहा टाक, म्हणाले.

मी खिडकीशी उभी होते. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. दुसरी कुणी असती तर बोंब मारत बाहेर धावली असती, कारण त्या गाडीच्या बाबतीत जे कधीच करायचं नाही, नेमकं तेच आप्पांनी केलं होतं. मी मुकाट्यानं आधण ठेवलं, आलं किसलं आणि त्यांना विचारलं की साखर घालू का थोडी, सण आहे. त्या वर्षी माझं सगळं असंच चाललं होतं. समोर काहीही होऊ दे, आत काही हलायचं नाही.

पंधरा वर्षं झाली याला. आम्ही तेव्हा न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला राहत होतो. मी दुधाच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये होते. माझा नवरा संग्राम ऑकलंडच्या बाजूला रस्त्याच्या कामावर इंजिनिअर होता, पहाटे निघायचा आणि अंधारून आलं की परतायचा. आप्पा म्हणजे माझे वडील. उभा जन्म त्यांनी कराडच्या बाजूला एसटी चालवली. आई गेल्यावर घरात करमेना म्हणून तीन महिन्यांसाठी आमच्याकडं आले होते, आणि आल्यापासून दसऱ्याला गाडीची पूजा करायची म्हणून बसले होते. तिकडं ऑक्टोबरात झेंडू मिळत नाही. शेजारणीकडून त्यांनी खुणा करून करून गुलाबी फुलं मिळवली, तिच्याच झाडाची लिंबं तोडली आणि सकाळी आंघोळ करून गाडीला हार घातला. डेपोत व्हायचं तसंच सगळं. नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं, गाडी त्यावरनं पुढं घ्यायची, बंद करायची आणि पेढे वाटायचे.

गाडी माझी होती. संग्रामची नाही, हे आधीच सांगते, कारण ऐकणाऱ्याला वाटतं की नवऱ्याचा शौक असणार. जपानी बनावटीची स्पोर्ट्स कार, गर्द निळी, जमिनीला पोट टेकेल इतकी बसकी. जुनीच होती, माझ्या आधी दोघांनी वापरलेली. तिचं इंजिन रोटरी. म्हणजे त्यात पिस्टन वगैरे काही नसतं, एका लोखंडी घरात तिकोनी गोळा गरगर फिरत असतो, ओल्या ग्राइंडरमधल्या दगडासारखा. हे मला घेताना माहीतसुद्धा नव्हतं. मी ती गाडी भाजीवाल्याकडनं काकडी घ्यावी तशी घेतली.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत क्लिनिकमधून फोन आला होता. नर्स फार गोड बोलणारी होती. तिनं सांगितलं की या वेळीही राहिलं नाही. तिसरी वेळ होती ती. मधल्या खेपेला तर ठोकेसुद्धा ऐकवले होते आम्हाला, आणि पुढच्या तपासणीला गेलो तर ठोके नव्हते. तर या फोननंतर मी थँक्यू म्हटलं, डबा संपवला, आणि घरी जाताना वाटेत जुन्या गाड्यांच्या दुकानासमोर थांबले. पैसे बाजूला ठेवलेले होते, ते कशासाठी ठेवलेत हे आता आठवायचं कारण नव्हतं. दुकानदार म्हणाला, एक चक्कर मारून बघा की. मी म्हटलं, नको, कागद काढा.

संग्राम घरी आला तेव्हा गाडी दारात होती. तो तिच्याभोवती फिरला, दार उघडलं, पुढची सीट वाकवून मागं बघितलं. मागं दोन सीटा होत्या, म्हणायला. मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीला लागतील असल्या. 'पोरं बसतील की यात,' तो बोलून गेला, आणि मग खिशातला रुमाल काढून उगीचच काच पुसायला लागला.

गावाबाहेर क्रेग नावाचा एक मेकॅनिक होता, नुसत्या रोटरी गाड्यांचं काम करायचा. त्यानं मला नियम घालून दिले. हे इंजिन तेल पितं, तो बिघाड नाही, त्याची रीतच तशी, तेव्हा दर खेपेला पेट्रोल भरताना तेल बघायचं. पेट्रोलमध्येही थोडं टू-स्ट्रोक ऑइल मिसळायचं, आपल्याकडं जुन्या स्कूटरला घालायचे तसं. गरम होऊ द्यायचं नाही. दिवसातनं एकदा तरी जोरात पळवायचं, नाहीतर आत काजळी धरते. आणि सगळ्यात मोठा नियम, गार इंजिन चालू करून लगेच बंद करायचं नाही. केलं तर आत पेट्रोल साचतं, तेलाचा थर धुऊन जातो आणि गाडी बुडते. एकदा चालू केली की पुरती तापेपर्यंत चालू ठेवायची.

मी हे नियम व्रत घेतल्यासारखे पाळले. लॅबमधून आले की हातात पाना. मोठा रेडिएटर बसवला, सायलेन्सर बदलला, तेलाचे पाइप नवे टाकले. मला गाडीची आवड लागली होती असं म्हणणार नाही. पण एवढं केलं की एवढं होतं, हे त्या गाडीत होतं. दुसरीकडं, मूल व्हावं म्हणून ज्यानं जे सांगितलं ते सगळं मी केलं होतं, सुया टोचून घेतल्या, पपई सोडली, जिने चढले नाही, आणि तरी सासूबाईंनी फोनवर विचारलंच होतं की काही उचललंबिचललंस का गं.

एका रविवारी मी मागच्या सीटा काढल्या. क्रेगकडं येणारे सगळेच काढायचे, गाडी हलकी होते म्हणून. बोल्ट सोडवले, सीटा गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवल्या. संग्राम बाजारातून आला, पिशव्या हातात धरून नुसता उभा राहिला. मग आत गेला, जुनी चादर आणली आणि त्या सीटांवर घातली.   खरं सांगायचं तर त्याला काय झालं हेच मला रात्री झोपताना कळलं, आणि कळल्यावरही काही वाटलं नाही.

आणि गोष्ट अजून संपलेली नव्हती. क्लिनिकच्या थंड पेटीत आमचा अजून एक गर्भ बाकी होता. शेवटचा. तो लावायचा की सोडून द्यायचा हे आम्हाला सांगायचं होतं. दोनदा आम्ही मुदत वाढवून घेतली. आता तिसऱ्यांदा नाही म्हणाले, दोघांनी समोर येऊन सही करायची, हो किंवा नाही. तो दिवस नेमका दसऱ्याचा आला. संग्रामला रोज विचारावं तर एकच उत्तर, 'तू म्हणशील तसं.' इतक्या मायेनं म्हणायचा की त्याचं डोकं फोडावंसं वाटायला हवं होतं. मला तेही वाटायचं नाही. आणि आप्पांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं की आम्ही नोकऱ्यांच्या नादात चालढकल करतोय.

गाडीचे नियमही त्यांना मी सांगितले नव्हते. ज्या माणसानं घाटात एसटी चालवली त्याला गाडी कशी बंद करायची हे कोण शिकवणार? किल्ली दाराशीच टांगलेली असायची.

तर चहा झाला, मी साडी नेसावी का पँट घालावी याचा थोडा विचार केला, पँट घातली आणि निघाले. संग्राम कामावरून परस्पर ऑकलंडला क्लिनिकवर येणार होता. मी किल्ली फिरवली. सेल्फ फिरला, इंजिन नुसतं गुरगुरत राहिलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. पेट्रोलचा वास सुटला. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले आणि मला बरं वाटलं. जायला नको, सही करायला नको, हो नको आणि नाही नको. संग्रामला फोन लावला, गाडी बुडाली म्हणून सांगितलं. तो म्हणाला की घ्यायला येऊ का, पण येऊन परत पोचेपर्यंत क्लिनिक बंद होईल. आणि शेवटी, तू म्हणशील तसं.

फोन ठेवून वर बघते तर आप्पा पायरीवर बसलेले. कुंकवाचा हात तसाच. त्यांना सेल्फच्या आवाजावरनंच कळलं होतं.

'मी काय केलं गं?' ते म्हणाले.

मी खरं तेच सांगितलं, की हे इंजिन वेगळं असतं, चालू करून लगेच बंद केलं की असं होतं. त्यांनी मान खाली घातली. उभ्या नोकरीत एक गाडी वाटेत उभी केली न्हाई, म्हणाले, आणि लेकीच्या दारात येऊन सणादिवशी तिची गाडी मारली.  आई गेली तेव्हा आप्पा लोकांसमोर रडले नव्हते, आणि आता चार लिंबांपायी त्यांचा चेहरा पार उतरला होता. मला काही वाटलं म्हणून नाही, पण म्हातारा माणूस असा पायरीवर बसलेला बघवेना. मी पँटवर जुना शर्ट चढवला आणि पान्यांची पेटी काढली.

हे काम मला क्रेगनं एकदा दाखवलं होतं. पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढायचा. खालचे प्लग काढायचे. मग सेल्फ मारायचा, म्हणजे आत साचलेलं पेट्रोल प्लगच्या भोकांतून बाहेर थुंकलं जातं. प्लग पुसून वाळवायचे, भोकात चमचाभर तेल सोडायचं आणि सगळं परत जोडायचं. मी खाली वाकले आणि आप्पांना म्हटलं, मी सांगेन तेव्हा किल्ली फिरवा. ते गाडीत बसले, पण किल्लीला हात लावायला भीत होते.

'आप्पा, तुम्ही काही चुकीचं केलं नाही,' मी म्हटलं. 'या इंजिनाला चालत नाही तसं, एवढंच. तुमची चूक नाही यात.'

त्यांनी किल्ली फिरवली. पेट्रोलचा फवारा उडाला. मग मी प्लग पुसायला फडकं मागितलं आणि ते गॅरेजमध्ये गेले. बराच वेळ आले नाहीत. आले ते चादरीचं टोक हातात धरूनच, सगळी चादर ओढत. त्यांना फडकं सापडलं नव्हतं.

'ह्या मागल्या सीटा का काढल्यास?'

'वजन कमी होतं.'

'कितीसं वजन असंल त्यांचं?'

मी प्लग पुसत राहिले. आप्पा माझ्या शेजारी सिमेंटवर बसले, गुडघे धरून. एसटीच्या माणसाला वजनाचं सांगून उपयोग नव्हता, त्यांनी टपावर अख्खी लग्नं वाहिली होती.

'एक इचारू?' ते म्हणाले. 'आत्ता मला म्हणालीस न्हवं, तुमची चूक न्हाई म्हणून. मग तू का गं चूक केल्यागत तोंड घिऊन फिरतीस? मी आल्यापास्नं बघतोय. हसतीस, बोलतीस, पर आत कुणी न्हाईच असं वाटतं.'

मी सांगितलं मग. बापाला सांगायच्या गोष्टी नव्हत्या त्या, पण सांगितल्या. नजर प्लगवर ठेवून, लॅबमध्ये नमुन्यांचा निकाल सांगावा तसं सांगितलं. तीन वेळा काय झालं, ठोक्यांचं काय झालं, पेटीत काय उरलंय आणि आज दुपारी काय सांगायचंय.  सांगून झाल्यावर आप्पांनी माझ्या हातातला प्लग घेतला, आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत दिला.

'आन् आज काय सांगणार?'

'माहीत नाही.'

'संग्रामराव काय म्हणत्यात?'

'तू म्हणशील तसं, म्हणतो.'

'म्हंजे त्यांनी अजून सांगितलंच न्हाई की,' आप्पा म्हणाले. 'त्यांना काय पायजे ते तू इचारलंस का?'

 मी विचारलं नव्हतं. तू काय म्हणतोस, असं कितीदा तरी विचारलं होतं. तुला काय हवंय, असं एकदाही नाही.

गाडी चालू झाली तेव्हा मागून असा पांढरा धूर निघाला की शेजारीण कुत्र्याला घेऊन फाटकाबाहेर पळाली. आप्पांनी दोन्ही हात वर करून मला ओरडून सांगितलं की आता काय वाट्टेल ते झालं तरी बंद करू नको. एकदा तापली की बंद केली तरी चालतं, असं मी त्यांना समजावलं. त्यांचा विश्वास बसेना. सेल्फ गेलेल्या गाडीचं एसटीत कसं असतं ते त्यांना ठाऊक होतं. सकाळी धक्का मारून चालू करायची ती रात्री डेपोत नेऊनच बंद. मी सोबत येतो, म्हणाले, तू आत जा, मी गाडीत बसून चालू ठेवतो. नको म्हणायची ताकद नव्हती माझ्यात. तसेच आले, कुंकू लागलेल्या हातानं, मांडीवर पेढ्यांचा डबा घेऊन.

 मी गाडी पळवली. आप्पांनी एकदाच विचारलं, हिला काय पंख हायत का.

क्लिनिकच्या मागच्या आवारात संग्राम उभा होता, अंगात कामावरचं पिवळं जाकीट. मी येईन असं त्याला वाटलं नव्हतं, तरी तो येऊन थांबला होता. आप्पा सरकून स्टिअरिंगसमोर बसले आणि हलका हलका ॲक्सिलरेटर देत राहिले. त्या आवाजात आम्हाला जवळ उभं राहून बोलावं लागलं.

'तुला काय हवंय?' मी विचारलं.

'अगं, तू म्हणशील...'

'नाही. आधी तू सांग. मला काय हवंय ते सोड. तुला काय पाहिजे?'

तो गाडीकडं बघत राहिला. 

'मला बास झालं, वैजू,' तो म्हणाला. 'नको आता. मूल नसलं तरी चालेल मला. दर वेळी तुला इथनं घरी नेतो आणि दर वेळी तू आणखी थोडी कमी परत येतेस. या वेळी कोणच येणार नाही, याची भीती वाटते मला.'

'मग बोलला का नाहीस?'

'मी नको म्हटलं असतं आणि तुला पाहिजे असतं, तर? जन्मभर माझ्या डोक्यावर राहिलं असतं ते.'

आपल्याला राग यायला हवा, असं माझ्या मनात आलं. इतके महिने हा माणूस माझ्याकडं बघत होता आणि मी त्याच्याकडं, दोघंही तोंड शिवून. पण राग आला नाही. मी त्याच्या जाकिटाची वर सरकलेली कॉलर खाली केली आणि म्हटलं, 'मग नको.'

आत जाऊन आम्ही सह्या केल्या. तीच गोड बोलणारी नर्स होती. तिनं टिश्यूचा खोका माझ्यापुढं सरकवला. मला लागला नाही. संग्रामला लागला.

बाहेर आलो तर आप्पा तसेच ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून. घामाघूम झाले होते. बाजूच्या सीटवर गेले आणि मी बसले. संग्राम त्याच्या गाडीतून आमच्या मागून निघाला. शहरातून बाहेर पडता पडता आप्पांनी विचारलं.

'काय केलंत?'

'सोडलं, आप्पा.'

त्यांनी मान हलवली. बरं केलंत म्हणाले नाहीत, वाईट केलंत म्हणाले नाहीत. पुढं एका सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, 'मला वाईट वाटलं गं. खोटं कशाला बोलू? मला नातवंड पायजे होतं. तुझी आई असती तर तिला सांगितलं असतं, आता तुलाच सांगतो.'

सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी मला धीर दिला होता. होईल, होईल, देवाच्या मनात असेल तेव्हा होईल. मला वाईट वाटलं, असं तोंडावर कुणी म्हणालं नव्हतं.

'मलापण पाहिजे होतं, आप्पा,' मी म्हटलं.

एवढंच म्हटलं आणि समोरचा रस्ता दिसेना. सिग्नल हिरवा झाला होता, मागचे हॉर्न वाजवत होते. मी कशीबशी चौक ओलांडून गाडी कडेला घेतली आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. घशातून जो आवाज निघत होता तो माझा आहे हे मला जरा वेळानं कळलं. तीन वेळचं सगळं एकदम आलं. पाहिजे होतं, पाहिजे होतं, एवढंच मी म्हणत होते, आणि आप्पा माझ्या पाठीवर हात ठेवून हं, हं करत होते.

मागं दार आपटल्याचा आवाज आला. संग्राम धावत आला आणि काचेवर टकटक करायला लागला. त्याला वाटलं गाडी पुन्हा बंद पडली. आप्पांनी त्यांच्या बाजूची काच खाली केली.

'इंजिन चालू हाय, संग्रामराव, घाबरू नका,' ते म्हणाले. 'पोरगी रडतीय. रडू द्या तिला.'